मुलाच्या बेकारीची खातरजमा

तो माणूस आधी आमच्याकडे आला नाही. समोरच्या दारात गेला. दुपारची वेळ होती, मी तांदूळ निवडत बसले होते आणि आमचं दार अर्धं उघडं होतं. डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत एका मजल्यावर चार दारं आहेत. एका दारात कोणी बोललं की बाकीच्या तिघांना ऐकू जातं. त्याने माझ्या मुलाचं नाव घेतलं आणि मुलगा काय करतो, गेले तीन-चार महिने कुठे कामाला आहे, असं विचारलं.

समोरची लगेच सुरू झाली. मुलगा एकदम सरळ आहे. नोकरी पक्की. सकाळी आठला डबा घेऊन बाहेर पडतो तो संध्याकाळी सातला घरी. पावसात रस्ते तुंबले तरी सुट्टी घेत नाही. आईला सांभाळतो.

पक्की नोकरी सोडली तर यातलं सगळं खरं होतं.

मुलगा एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत होता. कंपनी बंद झाली. एक दिवस गेटला कुलूप लागलं आणि आत ठेवलेले त्याचे बूटसुद्धा आतच राहिले. त्याच्या पगारातून दर महिन्याला विम्याचे पैसे कापले जायचे, त्यामुळे नोकरी गेल्यावर तीन महिने निम्म्या पगाराएवढा बेकारी भत्ता मिळतो, हे त्याला कोणीतरी सांगितलं. त्याने अर्ज केला. मी बेकार आहे, कुठेही कमवत नाही, असं लिहून सही केली. भत्ता मिळाला. ते तीन महिने संपले होते, पण नोकरी अजून लागली नव्हती.

इमारतीत मात्र हे कोणाला माहीत नव्हतं. तो रोज आठला डबा घेऊन निघायचा. आधी दोन-चार कंपन्यांच्या गेटवर चौकशी करायचा, मग ठाण्याला वर्तकनगरला माझ्या मुलीकडे जाऊन बसायचा. तिच्या पोरांना शाळेतून आणायचा, तिथेच डबा खायचा, आणि अंधार पडायला परत यायचा. हे सगळं लग्नासाठी. चौतिशीला आलेला मुलगा, कल्याणची एक शिक्षिका मुलगी सांगून आली होती, पत्रिका जुळली होती, फोटो पसंत होता. मुलीचा मामा एकदा चौकशी करणार आणि मग बघण्याचा कार्यक्रम, असं ठरलं होतं.

मला हा डब्याचा खेळ पसंत नव्हता. मी त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, की मला कोणी तोंडावर विचारलं तर मी खोटं सांगणार नाही. तो म्हणाला, "तुला कोण विचारतंय, आई? ते शेजाऱ्यांना विचारतात."

ते बरोबर होतं. आमच्याकडे स्थळाची चौकशी अशीच होते. कोणीतरी अनोळखी माणूस जिन्यात येतो, अमक्याचं घर कुठलं म्हणतो आणि बोलता बोलता मुलगा कसा, मुलगी कशी, ते काढून घेतो. आणि विचारलेला माणूस चांगलंच सांगतो. मीही सांगितलेलं आहे. समोरचीच्या भाच्याला सिगरेट सुटत नव्हती तेव्हा तो सुपारीचं खांडही खात नाही, असं मी सांगितलं होतं, आणि त्याचं लग्न झालं. आज मी तुझ्याबद्दल बरं बोलते, उद्या तू माझ्याबद्दल बोल, असा तो हिशेब. इमारतीत कितीही भांडणं असली, पाण्यावरून एकमेकींशी महिनोन्महिने बोलणं बंद असलं, तरी या कामात कोणी दगा देत नाही.

तेव्हा मी समोरचीचं बोलणं ऐकलं आणि समजले, मामा आला. तांदळाचं ताट उचललं, चहाचं आधण ठेवलं आणि वरच्या फळीवरचे कप काढले. तो माणूस खाली सोसायटीच्या सेक्रेटरींकडेही जाऊन आला आणि मग आमची बेल वाजवली. पन्नाशीचा, अंगाने बारीक, खांद्याला बॅग. मी त्याला बसवलं, चहा दिला. त्याने दोन घोट घेतले आणि मुलगा कुठे आहे म्हणून विचारलं.

मी ठरवलेलंच होतं. उद्या ती मुलगी या घरात येणार आणि पहिल्या पगाराच्या दिवशी सगळं बाहेर पडणार. मग तोंड मलाच द्यावं लागणार. मी सांगितलं, "शेजारी काय म्हणाले ते मी ऐकलं. ते चांगुलपणाने बोलले. मुलाची कंपनी बंद पडली आहे. चार महिने घरी आहे. आत्ता बहिणीकडे वर्तकनगरला असेल. तुम्हाला काय ठरवायचं ते हे ऐकून ठरवा."

त्या माणसाने मग कप खाली ठेवला, बॅगेतून फाइल काढली आणि म्हणाला, "आजी, तुम्हाला कोणी सांगितलं मी येणार म्हणून?"

तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. मी विचारलं, तुम्ही कल्याणचे ना? तो म्हणाला, नाही, मी विम्याच्या ऑफिसातून आलोय. गळ्यात ओळखपत्र होतं, ते त्याने शर्टाच्या आतून बाहेर काढून दाखवलं.

मी चौथीपर्यंत शिकलेली. अक्षरं लावून वाचलं. फोटो त्याचाच होता.

त्याने समजावून सांगितलं, ते मात्र नीट सांगितलं. ज्यांना भत्ता मिळाला त्यांतली काही नावं चिठ्ठ्या काढाव्यात तशी काढतात. ज्यांना नाकारला त्यांतलीही काढतात. मग प्रत्येकाचं पहिल्यापासून परत तपासायचं. ज्याला द्यायला नको होता त्याला दिला का, आणि ज्याला द्यायला हवा होता त्याला हाकललं का. त्यावरून ऑफिस किती वेळा बरोबर वागलं आणि किती वेळा चुकलं, ते काढतात. "मी तुमच्या मुलाला पकडायला आलेलो नाही," तो म्हणाला. "आमच्या ऑफिसचीच परीक्षा आहे ही."

मी विचारलं, चूक निघाली तर दंड ऑफिस भरतं का?

तो नाही म्हणाला. चुकून दिलेले पैसे ज्याला मिळाले त्याच्याकडून परत घेतात. आणि त्याने खोटं लिहून सही केली असं दिसलं तर पुढे कारवाईही होऊ शकते.

मग परीक्षा कोणाची, असं मी मनात म्हटलं.

कंपनी बंद झाली हे त्याने आधीच पाहिलं होतं. बँकेत पगार जमा झालेला नाही, हेही पाहिलं होतं. पण हातात रोख पगार देणाऱ्या कंपन्या पुष्कळ असतात, त्याचा कुठे माग राहत नाही. म्हणून शेजाऱ्यांना विचारायचं. आणि इथे दोन शेजारी, एक याच मजल्यावरची आणि एक खालचा, एकमेकांना न विचारता सारखंच सांगतात, की मुलगा रोज डबा घेऊन कामाला जातो.

मी म्हटलं, अहो, मी सांगतेय ना तुम्हाला, नाही जात.

"आजी, घरच्यांचं धरत नाहीत," तो म्हणाला. "भत्ता ज्याला मिळाला त्याची आई दुसरं काय सांगणार?"

माझी मुलगी त्याची बहीण, म्हणजे तिचंही धरणार नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून खरं बोलले, आणि ते आपल्या फायद्याचं बोलणं ठरलं. मग मी त्याला लग्नाच्या चौकशीचं सांगितलं. मामा, डबा, भाच्याची सिगरेट, सगळं. तो हसला नाही, ते मला बरं वाटलं. तो म्हणाला, तुमच्या मुलाच्याच कंपनीतला एक जण मोहन्याला राहतो, त्याचा अर्ज नाकारला गेला, त्याचंही नाव माझ्या यादीत आहे. तिथेही शेजाऱ्यांनी कौतुकाने सांगितलं होतं, माणूस फार मेहनती, एक दिवस रिकामा बसत नाही. तेवढ्यावर तो कामाला आहे असं धरलं गेलं.

मी विचारलं, मग आता कळलं ना, लोक असं का बोलतात? तो म्हणाला, कळलं, पण हे लिहायला माझ्याकडे जागा नाही. शेजारी स्वतः म्हणाले पाहिजेत. तो गुरुवारी परत येणार होता, किंवा त्याचे वरचे साहेब येणार होते. मुलाने घरी थांबावं. शेजारी तेव्हा जे सांगतील ते शेवटचं.

उरलेला चहा पिऊन तो गेला. मी तशीच समोर गेले.

समोरची खुशीत होती. "काय काकू, कसं बोलले? मामा खूश झाला ना?"

तो मामा नव्हता, हे तिला पटवायलाच मला बराच वेळ लागला. ते पटलं तर मुलगा बेकार आहे, हे पटेना. ती म्हणाली, रोज तर जातो, माझ्या डोळ्यांदेखत जातो, परवा मी त्याला बंद लिफ्टचं काम कधी होणार विचारलं तर म्हणाला, घाईत आहे, उशीर होतोय. मग तिला राग आला. भाच्याच्या वेळी आम्ही तुम्हाला सगळं सांगितलं आणि तुम्ही आम्हाला एवढंसुद्धा सांगितलं नाहीत. तो राग मला मान्य होता. पण सरकारी माणसापुढे शब्द फिरवायला ती तयार होईना. "आज असं, गुरुवारी तसं, म्हणजे मीच खोटी. उद्या मलाच बोलावतील ऑफिसात." सेक्रेटरींचं म्हणणं वेगळंच होतं. मेंटेनन्स वेळेवर भरणारा माणूस बेकार कसा असेल, असं ते म्हणाले, आणि हे थट्टेने नाही, खरंच विचारलं.

संध्याकाळी मुलगा आला. मी त्याला हातपाय धुऊ दिले आणि सांगितलं. त्याने आधी विचारलं, तू त्या माणसाला काय काय सांगितलंस. मग, समोर आणि खाली काय सांगितलंस. ते ऐकल्यावर त्याचा आवाज चढला. मामा याच आठवड्यात येणार आहे, आणि तू बिल्डिंगभर दवंडी पिटलीस. त्यापेक्षा मी पैसे परत भरतो. कर्ज काढतो, पण भरतो.

"भर," मी म्हटलं. "म्हणजे तू खोटं लिहून पैसे उकळलेस हे कायमचं झालं. नवी कंपनी विचारेल तेव्हा ते सांग. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बायकोलाही सांग."

"तुला लाज नाही वाटत, आई. मला वाटते."

आम्ही मोहन्याला राहायचो, तेव्हाची मी त्याला आठवण करून दिली. तो तेव्हा लहान होता. त्याच्या वडिलांची कंपनी बंद पडली आणि आमची सगळी चाळच एका दिवसात बेकार झाली. पुरुष ओट्यावर पत्ते खेळायचे, बायका डब्यांची कामं शोधायच्या, आणि कोणी कोणापासून काही लपवत नव्हतं. तो म्हणाला, "तेव्हा सगळेच होते. इथे मी एकटा आहे." तो जेवला नाही. मी जेवले.

बुधवारी तो डबा घेऊन निघाला. मी अडवलं नाही. तो गेल्यावर परत समोर गेले. या वेळी समजूत घातली नाही. एवढंच सांगितलं, की तुझ्या बोलण्यावर माझ्या मुलावर केस होणार आहे. मग तू त्याच्यासाठी चांगलं बोललीस हे मी जन्मभर सांगत बसू का? ती शेवटी म्हणाली, तो परत आला की सांगते. त्याचा साहेब आला तरी त्यालाही सांगते. काय सांगायचं तेवढं मला नीट सांगा. मी म्हटलं, काय सांगायचं ते मी सांगितलं तर ते परत खोटंच झालं. तू त्याला ओळखतेस. जे आहे ते सांग.

गुरुवारी सकाळी मी डबा भरला नाही. मुलगा अंघोळ करून, केस विंचरून बाहेरच्या खोलीत बसला. आठ वाजून गेल्यावर त्याला घरात बसलेला मी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा पाहत होते. तो सारखा घड्याळाकडे आणि दाराकडे बघत होता. दार मी मुद्दाम अर्धं उघडं ठेवलं होतं.

अकराच्या सुमाराला जिन्यात चपला वाजल्या. समोरची बेल वाजली. आवाज त्या तपासनिसाचा नव्हता, जाड होता, म्हणजे वरचे साहेब आले. त्यांनी माझ्या मुलाचं नाव घेतलं आणि विचारलं, मुलगा काय करतो.

समोरची बोलायला लागली ती थांबेना. नोकरी गेली आहे. चार महिने झाले. कुठे काही कमवत नाही. रोज डबा घेऊन जातो ते नुसतं दाखवायला, बहिणीकडे जाऊन बसतो. मी परवा चुकीचं सांगितलं, साहेब, मला माहीत नव्हतं. मुलाने डोळे मिटले. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

मग त्या माणसाने विचारलं, "स्वभावाने कसा आहे? पितो वगैरे?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. सरकार असं विचारत नाही.

समोरची आपल्या नादात होती. "पिणार कशाने, साहेब? खिशात काही असेल तर ना."

मुलगा उठला. दाराकडे दोन पावलं गेला. त्याला बाहेर जाऊन थांबवता आलं असतं. गैरसमज झालाय, काकू गंमत करतायत, असं काहीतरी म्हणता आलं असतं, आणि समोरचीला एक खूण पुरली असती, तिने तिथल्या तिथे सावरून घेतलं असतं. त्या बाईला ते जमतं. पण मग तपासनीस आल्यावर त्याला तिने काय सांगायचं? आणि तिसऱ्यांदा कोणी तिच्यावर विश्वास का ठेवायचा? मी हळू आवाजात म्हटलं, "बस. ती खरं बोलतेय."

तो उभाच राहिला. पण बाहेर गेला नाही.

मामाने समोरचीचे आभार मानले आणि वळला. आमच्या अर्ध्या दारातून त्याला माझा मुलगा दिसला, गुरुवारी अकरा वाजता, घरच्या कपड्यांत. मामाने नमस्कार केला. मुलानेही केला. मी आत या म्हटलं. घाईत आहे म्हणाला आणि जिना उतरला.

तपासनीस जेवणाच्या वेळेनंतर आला. समोरचीने त्याला बघितलं आणि म्हणाली, तुमचे साहेब सकाळीच येऊन गेले की, मी सगळं सांगितलं त्यांना. तो म्हणाला, आमच्याकडून कोणीच आलेलं नाही. समोरची माझ्याकडे बघायला लागली. तिचं तिलाच कळलं, आणि ती आपल्या उंबऱ्यात खाली बसली. पदर तोंडाला लावला. मी तिला आत घेऊन आले, पाणी दिलं.

तपासनीस मुलाला प्रश्न विचारत असताना मुलाचा फोन वाजला. त्याने घेतला. हो, हो, असं तीन-चारदा म्हणाला. ठीक आहे, काही हरकत नाही, म्हणाला. फोन खाली ठेवला आणि म्हणाला, "पत्रिका जुळत नाही म्हणतात."

समोरची एकदम रडायला लागली. रडता रडताच तिने तपासनिसाला सगळं सांगितलं. मंगळवारी मामा समजून काय बोलले, आज साहेब समजून काय बोलले, आणि जुळलेली पत्रिका कशी मोडली. "आता लिहा तुम्हाला काय लिहायचंय ते," ती म्हणाली. "एवढं खोटं बोलून मला काय मिळालं असतं?"

तपासनीस मग लिहायला लागला. समोरचीचं म्हणणं लिहून घेतलं, तिची सही घेतली, खालून सेक्रेटरींना बोलावलं, समोरचीला रडताना बघून त्यांनाही पटलं, त्यांचीही घेतली. मला त्याने काही विचारलं नाही, घरच्यांचं धरत नाहीत. शेवटी मुलाला म्हणाला, भत्ता बरोबर दिला गेला, असं मी लिहितोय. माझ्या बाजूने हे संपलं.

मी विचारलं, मोहन्याच्या त्या माणसाचं काय? तो म्हणाला, तिथे परत जायला पाहिजे. या वेळी आधी मी कोण ते सांगतो आणि मगच विचारतो. बॅग खांद्याला लावून गेला. मोहन्याच्या माणसाचं पुढे काय झालं मला माहीत नाही. मुलाने त्याला दोनदा फोन केला, त्याने उचलला नाही.

मुलगा माझ्याशी काही दिवस कामापुरतंच बोलला. मी आग्रह केला नाही. इमारतीत सगळ्यांना कळल्यावर सेक्रेटरी एकदा मुलाला जिन्यात भेटले आणि म्हणाले, अरे, तू आधी सांगितलं असतंस तर तळोज्याला माझ्या मेव्हण्याच्या कंपनीत जागा होती, महिन्यापूर्वीच भरली. मुलाने वर येऊन मला हे सांगितलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी आता काहीतरी बोलावं. मी काय म्हणणार, त्याला ते माहीतच होतं. तो अजून नोकरी शोधतो आहे. आता मात्र दहाला निघतो, आणि दुपारी जेवायला घरी येतो.

समोरची अजून जपून वागते. मी तिला दोष देत नाही, तसं तिला सांगितलंही आहे. गेल्या आठवड्यात एक माणूस जिन्यात उभा राहून तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं नाव घेऊन विचारत होता, ही इथेच राहते का, घरी कधी असते. समोरचीने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि गप्प राहिली. तेव्हा मीच पुढे झाले आणि विचारलं, तुम्ही लग्नाचे की सरकारचे?

तो म्हणाला, "आजी, मी कुरिअरवाला आहे."